चोवीस तासांच्या आत

ह्यांना लर्निंग लायसन्स मिळालं ते माझ्यामुळे, असं हे सगळ्यांना सांगायचे, आणि त्यात बरंचसं खरं होतं. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. आम्ही कल्याणला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि हे एका सरकारी कचेरीत कारकून होते, अजून कायम व्हायचे होते. बुकिंग करून वर्ष-दीड वर्ष वाट पाहिल्यावर आमची मोटारसायकल आली. घरातली ती पहिली मोठी वस्तू. हे रोज सकाळी ती जुन्या बनियनने पुसायचे.

स्टेशनजवळच्या दुकानात वाहतुकीच्या नियमांचं एक पातळ पुस्तक मिळायचं. मी पोळ्या लाटता लाटता त्यातले प्रश्न विचारायचे आणि हे पाटावर बसून उत्तरं द्यायचे. ओव्हरटेक कुठल्या बाजूने करायचं? उजव्या. शिकाऊ माणसाने मागे कुणाला बसवायचं? कुणालाही नाही, शिकवणारा सोडून. अपघात झाला तर काय कराल? गाडी थांबवीन, जखमी माणसाला दवाखान्यात नेईन, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवीन. हे शेवटचं उत्तर ते पाढ्यासारखं घडाघडा म्हणत. मग मी शाळेतल्यासारखं 'शाब्बास' म्हणायचे. प्रत्यक्षात ठाण्याच्या आरटीओमधल्या साहेबांनी दोन-तीन खुणा विचारल्या आणि सही केली. मग पेंटरकडून पुढच्या आणि मागच्या नंबरप्लेटवर लाल 'एल' काढून घेतला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी ठाण्याला माझ्या ताईच्या मुलीचं बारसं होतं. गाडीवरून जाऊ या, असं मी म्हटलं. हे नको म्हणत होते. लायसन्स पक्कं होऊ दे, मग कुठे म्हणशील तिथे नेतो, म्हणाले. पण मला ताईच्या सासरच्यांना गाडी दाखवायची होती. रविवारी कोण अडवणार आहे, असं मी दोनदा म्हटलं आणि हे तयार झाले. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी ह्यांना पुष्कळ बोलले आहे.

जाताना काही झालं नाही. दुर्गाडीचा पूल ओलांडून खाडीपलीकडच्या रस्त्याने, हळूहळू, आम्ही ठाण्याला पोचलो. बारसं झालं, जेवणं झाली. साडेतीनच्या आधीच निघालो. ऊन होतं. हेल्मेट एकच होतं, आणि घाम येतो म्हणून ह्यांनी ते काढून माझ्याकडे दिलं. मी साडी सावरून एका बाजूला पाय टाकून बसले होते. हेल्मेट मांडीवर, एक हात ह्यांच्या खांद्यावर.

कल्याण जवळ आलं होतं. पूल यायच्या आधी खाडीकाठी एक गाव लागतं, तिथे आमच्या पुढे कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो रखडत चालला होता. समोरून ट्रकमागून ट्रक येत होते, उजवीकडून पुढे जायला जागाच मिळेना. दोन-तीनदा ह्यांनी बघितलं आणि मागे घेतलं. मग एकदम गाडी डावीकडे घातली, टेम्पो आणि रस्त्याच्या कडेच्या मधल्या पट्टीत. मला कळलं की हे चुकतंय. मी तोंड उघडलं की नाही, ते आज सांगता येत नाही.

कडेला एक कोळीण उभी होती. साठीची असेल. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, बाजार करून घरी निघालेली. टेम्पोकडे बघत तिने एक पाऊल पुढे टाकलं. टेम्पोच्या आड आम्ही तिला दिसलोच नसणार. हँडलचं टोक तिला लागलं. आवाज फार मोठा झाला नाही. दार हळू आपटावं तेवढाच.

गाडी डगमगली, मी जवळजवळ खाली आले, आणि ह्यांनी कशीबशी वीस-तीस पावलांवर थांबवली. माझे दोन्ही पाय जमिनीला लागले होते. मी वळून बघितलं. ती कुशीवर पडली होती, तोंड आमच्याकडे. पाटी रस्त्यावर गोल फिरत होती. चहाच्या टपरीवरची तीन-चार माणसं उठली आणि धावत सुटली. दोघं तिच्याकडे आणि दोघं आमच्याकडे.

"बस," हे म्हणाले.

"अहो, ती बाई..."

"आधी बस. मारून टाकतील."

मी बसले. मला कुणी उचलून बसवलं नाही. माझे पाय जमिनीवर होते आणि मी पुन्हा सीटवर बसले. मग गाडी पुलावरून इतक्या वेगाने गेली की मी डोळे मिटून घेतले. पूल संपल्यावर लक्षात आलं की मांडीवर हेल्मेट नाही.

घरी आल्यावर कुलपात किल्ली जाईना. ह्यांनी ती घेतली, तर त्यांच्याकडूनही जाईना. आत आल्यावर ह्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. मग मी हेल्मेटचं सांगितलं, तेव्हा ह्यांचा चेहरा कागदासारखा झाला. हेल्मेटच्या आत मीच एक पट्टी चिकटवली होती. पुस्तकात तशी सूचना होती. त्या पट्टीवर माझ्या स्वच्छ अक्षरात ह्यांचं नाव, रक्तगट आणि कचेरीचं नाव होतं.

म्हणजे आम्हाला शोधायचीही गरज नव्हती. कुणीतरी हेल्मेट उलटं करून वाचलं की झालं.

हे पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले. नुसता धक्का लागला असेल. तिला उठवून बसवलं असेल. पोलिसात गेलं तर गाडी जाईल, त्यात लर्निंगवर मागे बसवलेलं, अजून कायम झालेलो नाही, एक कागद फाइलला लागला की संपलं. मी मान हलवत होते. आतून मला एवढंच वाटत होतं की ती मेली. ती कशी पडली होती ते मी बघितलं होतं, ह्यांनी बघितलं नव्हतं. ह्यांनी आरशातही बघितलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत हे ब्लेड घेऊन खाली गेले. मी गॅलरीतून पाहिलं, तर हे उकिडवे बसून नंबरप्लेटवरचा लाल 'एल' खरवडत होते. पावती हरवली तर अख्खं घर उलथंपालथं करणारा, ऑफिसची टाचणीही घरी न आणणारा हा माणूस. टपरीवरची माणसं धावत आली तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. या माणसाला आपण ओळखत नाही, असं त्या क्षणी वाटलं. मग असंही वाटलं की, मला तरी कुठे ओळखतोय हा.

जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघं बोलायचं थांबायचो. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या, तर मी दार उघडलंच नाही. आत श्वास धरून उभी राहिले. त्या दोनदा हाका मारून गेल्या. रात्री झोप लागली नाही, एवढंच त्या रात्रीबद्दल.

सोमवारी हे गाडी न घेता चालत कचेरीला गेले. जाताना, तू कुणाशी बोलू नकोस, एवढंच म्हणाले. मी शाळेत गेले. दुसरीचा वर्ग होता. दुसऱ्या तासाला फळ्यावर बेरजा लिहीत असताना खिडकीतून खाकी कपडे दिसले. एक पोलीस मोठ्या बाईंच्या ऑफिसकडे चालला होता. माझ्या हातातला खडू मोडला. मी फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले. मुलं काहीतरी विचारत होती, ते कानावर येत होतं पण कळत नव्हतं. थोड्या वेळाने शिपाईण आली. आता माझं नाव घेणार, असं वाटलं. तिने वर्गातल्या एका मुलाचं नाव घेतलं. त्या पोलिसाची बदली झाली होती आणि तो मुलाचा दाखला न्यायला आला होता.

मुलगा दप्तर घेऊन गेला. मी खुर्चीत बसले. आज दाखला नेणारा होता, उद्या खरा येईल, परवा येईल, आणि दर वेळी मी अशीच फळ्याकडे तोंड करून उभी राहणार, हे स्पष्ट दिसायला लागलं. आणि ती मेली असेल तर जन्मभर. मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून गेले होते. अपघात चारच्या सुमाराला झाला होता. पाठ केलेले ते चोवीस तास अजून संपले नव्हते. मी मोठ्या बाईंकडे डोकं दुखतंय म्हणून अर्धी रजा मागितली.

आधी सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाला विचारलं, काल संध्याकाळी खाडीपलीकडून गाडी लागलेली कुणी म्हातारी आणली होती का. त्याने विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी म्हटलं, ओळखीची आहे. तो रजिस्टर चाळत होता तेवढ्या वेळात मी खिडकीचा गज धरून ठेवला होता. तो म्हणाला, हात मोडलाय, डोक्याला चार टाके, प्लास्टर घालून कालच घरी नेली.

ती जिवंत होती. मी तिथल्याच बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. शेजारच्या बाईला वाटलं, माझं कुणी गेलं. तिने पाठीवरून हात फिरवला.

पण तो दिलासा टिकला नाही. आता पुढे जायचं होतं. मी रिक्षा केली. त्या गावात पुरुष असतील, मुलगे असतील. कालची ती धावत येणारी माणसं डोळ्यांसमोर येत होती. पुलावर एकदा रिक्षावाल्याला परत फिरव म्हणावंसं वाटलं. पाण्याला ओहोटी होती, चिखलात होड्या तिरप्या पडल्या होत्या. त्या होड्या मोजत राहिले आणि पूल संपला.

घर शोधायला कष्ट पडले नाहीत. हात मोडलेली म्हटल्यावर एका मुलीने बोट दाखवलं. ती पडवीत खाटेवर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला. दारात तिचा मुलगा जाळं दुरुस्त करत होता. तिशीचा, दांडगा. आणि खाटेखाली आमचं हेल्मेट होतं.

मी सगळं बोलायचं ठरवून आले होते. वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते इतकंच, "मावशी, काल गाडीवर मी होते."

मुलगा उठला. मी मागे सरले, पाठ खांबाला लागली. म्हातारीने डाव्या हाताने त्याला थांब अशी खूण केली. तिने माझ्याकडे नीट बघितलं, सुजलेल्या डोळ्यानेसुद्धा.

"तू वलून बगलंस," ती म्हणाली. "मना वाटला, तू उतरशील."

मी खाली जमिनीवर बसले. मुलगा मग बोलला, बराच वेळ बोलला, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. आईला टेम्पोवाल्याने पुढच्या सीटवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. टेम्पोवाला थांबला आणि धडक देणारे पळाले, हे त्याला राहून राहून लागत होतं. हेल्मेटमधलं नाव त्याने वाचलं होतं. आधी कचेरीत जाऊन त्या माणसाला बाहेर ओढायचा असं मनात होतं, पण आईने सांगितलं की चौकीत जा. जाळ्याचं काम संपवून तो निघणारच होता.

मी त्याला म्हटलं, आम्हीच जातो. चार वाजायच्या आत ह्यांना घेऊन चौकीत येते. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि ठेवावा असं आम्ही काही केलंही नव्हतं. म्हातारी म्हणाली, "जाव दे तिला. आलीय ना आपल्या पायानी." मग तिने सुनेला मला पाणी द्यायला सांगितलं. मी ते पाणी प्यायले.

तिथून ह्यांच्या कचेरीत. हे मला दारात बघून इतके दचकले की हातातली फाइल खाली पडली. जिन्याखाली उभं राहून मी सगळं सांगितलं. हे आधी चिडले. न विचारता गेलीसच कशी, त्यांनी तुला काही केलं असतं तर, असं दबक्या आवाजात बोलत राहिले. मग एकदम भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मला रात्रभर तिचा चेहरा आठवत होता, आणि मी तो बघितलेलासुद्धा नाही." एवढं बोलून हे साहेबांना सांगून आले.

साडेतीनच्या सुमाराला आम्ही चौकीत पोचलो. मुलगा आधीच येऊन बाहेर बाकावर बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन. टेबलामागच्या हवालदारांनी ह्यांचं सगळं ऐकून घेतलं, लायसन्स मागितलं, उलटसुलट केलं. शिकाऊ, असं म्हणाले. मग विचारलं, मागे कोण होतं?

"कुणी नाही," हे म्हणाले. "एकटाच होतो."

मला ते अपेक्षित नव्हतं. मला वाचवायला म्हणाले की स्वतःला, हे मी पुढे कधी विचारलं नाही. शिकाऊ लायसन्सवर मागे बसवणं हा आणखी एक गुन्हा, तो टळला असता. बाहेरच्या बाकावरून मुलगा आत बघत होता. मी टेबलाची कड धरली आणि म्हटलं, "मी होते मागे. मीच हट्ट केला होता."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग ह्यांना म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगा. एकदाच सांगा आणि खरं सांगा." ह्यांनी सांगितलं. टेम्पोच्या डाव्या बाजूने गाडी घातली, हेसुद्धा. नंबरप्लेट खरवडल्याचंही सांगितलं, ते कुणी विचारलंही नव्हतं. लिहून झाल्यावर हवालदारांनी घड्याळ बघून वेळ टाकली. चारला दहा कमी होते. चोवीस तासांत आलात, तेवढी एक गोष्ट बरोबर केलीत, असं ते म्हणाले आणि ह्यांना आत बसवलं. संध्याकाळी ताईच्या यजमानांनी ठाण्याहून येऊन जामीन दिला. गाडी चौकीच्या आवारात गेली आणि पुढे कित्येक महिने तिथेच होती.

केस उभी राहायला वर्ष लागलं. तेवढे दिवस मी जिन्यातल्या पावलांना घाबरत होते, फक्त आता पोलिसांना नाही तर टपालाला. कचेरीतून मेमो आला, ह्यांनी उत्तर दिलं, कायम व्हायला दोन वर्षं उशीर झाला, पण नोकरी गेली नाही. कोर्टात ह्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला, आणि ठरावीक मुदत लायसन्स काढता येणार नाही असा हुकूम झाला.

म्हातारीचा हात सरळ बसला नाही. प्लास्टर काढायला तिला दवाखान्यात मीच नेलं, त्याआधी आणि नंतरही जात राहिले. ती मला कधी वाईट बोलली नाही, आणि माफ केलं असंही म्हणाली नाही. पाटी डोक्यावर चढवायला तिला आता सुनेची मदत लागायची. माझ्यासमोर ती तो हात पदराखाली घ्यायची. काही वर्षांनी सुनेनेच मला सांगितलं की तुम्ही आलात की त्यांना तो दिवस आठवतो. त्यानंतर मी जाणं कमी केलं.

ह्यांनी नव्वद सालानंतर पुन्हा लर्निंग काढलं. या वेळी शिकवायला कचेरीतले एक पक्क्या लायसन्सचे गृहस्थ मागे बसायचे. प्रश्न विचारायला मला कुणी सांगितलं नाही. पक्कं लायसन्स आल्यावर हे एकटेच गाडी चालवत, हेल्मेट घालून, गल्लीच्या तोंडाशी दूध आणायला जातानासुद्धा. यायला उशीर झाला की मी गॅलरीत उभी राहायचे. मला मागे बस असं ह्यांनी कधी म्हटलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

मग एकदा शहाडला माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी जायचं होतं, रिक्षांचा संप होता, आणि हे दुसरं हेल्मेट घेऊन आले. माझ्यासाठी घेतलेलं. कधी घेतलं होतं कोण जाणे. मी ते घातलं, पट्टा लावला आणि बसले. शहाडच्या पुलावर रस्त्याच्या कडेने माणसं चालली होती, भाजीची पाटी घेतलेल्या बाया, शाळेतली मुलं. माणूस दिसला की माझी बोटं ह्यांच्या खांद्यात रुतायची. दर वेळी हे वेग कमी करायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या. दहा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला अर्धा तास लागला.